आरएक्स १०० चे इंजिनकाम काढताय? पैसे आधी कुठे घालावेत, कुठे हात आखडावा

बेळगाव, निपाणी, चंदगड, कोल्हापूर या पट्ट्यात दारात आरएक्स १०० उभी असणे ही आजही मिरवायची गोष्ट आहे. एस्कॉर्ट्स आणि यामाहा यांच्या सहकार्यातून १९८५ मध्ये ही गाडी बाजारात आली आणि १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे सगळ्यात 'नवीन' आरएक्सही आता तिशीच्या घरात आहे. तरीही पहिला पगार झाला, ऊसबिल आले किंवा वडिलांची अंगणात पडून असलेली गाडी नावावर झाली की पोरांचा पहिला विचार एकच असतो : इंजिनकाम काढायचे आणि गाडी पळवायची.

गडबड इथेच होते. हातात पंधरा-वीस हजार असतात. त्यातले निम्मे आवाजाच्या सायलेन्सरवर, मोठ्या कार्बोरेटरवर आणि 'पोर्टिंग'वर जातात. उरलेल्या पैशात ब्लॉक-पिस्टन बसतो, तळाला कोणी हात लावत नाही. महिनाभर गाडी सुसाट पळते आणि एके दिवशी हायवेवर पकडते. ८० च्या वेगात इंजिन सीझ झाले की मागचे चाक जाग्यावर लॉक होते. तेव्हा नुसते पैसे बुडत नाहीत, जिवावर बेततं.

पहिल्यांदाच काम काढणाऱ्याने एक हिशेब आधी डोक्यात पक्का करावा. कारखान्यातून निघाली तेव्हा ही गाडी ७,५०० फेऱ्यांवर ११ हॉर्सपॉवर देत होती. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक जुन्या गाड्या तेवढीही ताकद देत नाहीत. अंगचीच हरवलेली ताकद परत मिळवणे ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टिकाऊ 'परफॉर्मन्स' आहे. ११ च्या वर काय करायचे, हा दुसऱ्या खेपेचा प्रश्न आहे.

आधी कागद, मग पाना

इंजिन खोलण्याआधी आरसी बुक काढून चेसिस नंबर आणि इंजिन नंबर ताडून पाहावा. इंजिन नंबर क्रँक केसवर ठोकलेला असतो. जुन्या बाजारातून दुसरी क्रँक केस आणून बसवली की तो नंबर आरसीशी जुळत नाही आणि ती केस कुठल्या गाडीची होती हेही सांगता येत नाही. चोरीच्या गाडीचा माल निघाला तर इंजिनापेक्षा पोलीस ठाण्याच्या फेऱ्याच जास्त होतात.

सीमाभागात आणखी एक भानगड असते. गाडी एमएच-०९ पासिंगची, मालक बेळगावचा. किंवा गाडी केए-२२ ची आणि फिरते चंदगडात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथले पासिंग करून घ्यावे लागते आणि त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी लागते. शिवाय १५ वर्षांनंतरचे नोंदणी नूतनीकरण झाले आहे का, हेही पाहावे. नूतनीकरण अडकलेल्या गाडीवर वीस हजार घालणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतात विहीर खोदण्यासारखे आहे.

'पळवायची' म्हणजे नेमके काय?

मिस्त्रीकडे जाऊन "जरा भारी काढा" एवढेच सांगितले तर बिल भारी निघते, गाडी नाही. गाडीचा उपयोग काय, हे आधी ठरवावे. रोज शहरात फिरायचे असेल तर खालच्या फेऱ्यांत ओढ हवी. दोघे बसून आंबोली किंवा चोर्ला घाट चढायचा असेल तर मधल्या फेऱ्यांत दम हवा. हायवेवर टॉप हवा असेल तर वरच्या फेऱ्यांत इंजिन मोकळे पळायला हवे. टू-स्ट्रोकमध्ये ही तिन्ही सुखे एकत्र मिळत नाहीत. एका टोकाला वाढवले की दुसऱ्या टोकाला कमी होते.

पिकअपच हवा असेल तर त्यासाठी इंजिन कापायची गरजही नसते. पुढची चाकी एका दाताने लहान केली तरी ओढीत जाणवण्याइतका फरक पडतो, टॉप तेवढा उतरतो. पटले नाही तर जुनी चाकी परत बसवता येते. परत फिरता येते ते बदल आधी करावेत, परत फिरता येत नाही ते शेवटी.

हाफ की फुल?

गॅरेजच्या भाषेत ब्लॉक, पिस्टन, रिंग आणि हेडपुरते काम म्हणजे 'हाफ इंजिन'. क्रँक केस फोडून क्रँक, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग, ऑईल सील, गिअरबॉक्सपर्यंत गेले की 'फुल'. बजेट कमी म्हणून बहुतेक जण हाफवर भागवतात. तळ शाबूत असेल तर त्यात चूक काहीच नाही. पण तळ शाबूत आहे की नाही, हे न बघता हाफ केले की वरचा नवा पिस्टन खालच्या झिजलेल्या बेअरिंगवर नाचतो आणि सहा महिन्यांत दोन्ही जातात.

निर्णय अंदाजाने नको, तपासून घ्यावा. ब्लॉक काढल्यावर पुढच्या चार गोष्टी मालकाने स्वतः मिस्त्रीसमोर उभे राहून पाहाव्यात.

• पिस्टन वरच्या टोकाला आणून कनेक्टिंग रॉड सरळ वर-खाली ओढून बघावा. जराही 'टक्' जाणवली तर बिग-एंड बेअरिंग गेले. आडव्या दिशेने रॉड थोडा सरकतो, ते चालते. उभ्या दिशेची मोकळीक चालत नाही.

• मॅग्नेट साईडचे झाकण काढून मॅग्नेट हाताने वर-खाली हलवावा. हालला तर मेन बेअरिंग संपले.

• बाहेर कुठे गळती नसताना गिअर ऑईल कमी होते आणि सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो का, हे आठवावे. क्लच साईडचा ऑईल सील गेला की इंजिन गिअर ऑईल ओढून जाळते.

• रेस सोडल्यावर फेऱ्या पटकन खाली येत नाहीत, आयडलिंग एका जागी थांबत नाही, असे होत होते का? बऱ्याचदा हे मॅग्नेट साईडच्या सीलचे लक्षण असते. तिथून बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोलचे प्रमाण पातळ होते आणि तेच पुढे पिस्टन पकडायचे कारण ठरते.

चारांपैकी एक जरी लक्षण निघाले तर फुल इंजिनाशिवाय पर्याय नाही. पैसे नसतील तर गाडी तशीच झाकून दोन महिने थांबावे, पण हाफ करून चालवू नये.

पैशाचे वाटे कसे पाडावेत

सुट्या भागांचे दर गावागणिक आणि दुकानागणिक बदलतात. कंपनीचा जुना शिल्लक माल आणि बाजारातला साधा माल यांच्या दरात तर जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून रकमेपेक्षा वाटे ठरवणे सोपे. पहिल्या फुल इंजिनकामासाठी पुढील वाटणी धरून चालता येईल. कंसात २५ हजारांच्या बजेटचा हिशेब दिला आहे.

• तळ, म्हणजे रॉड किट, बेअरिंग, सील, पॅकिंग : ३० टक्के (७,५०० रुपये)
• पिस्टन किट, बोअर, होनिंग, हेडचे काम : २० टक्के (५,००० रुपये)
• कार्बोरेटर, रीड, प्लग, फिल्टर, सायलेन्सर सफाई : १० टक्के (२,५०० रुपये)
• ब्रेक, चेन-चाकी, केबल : १० टक्के (२,५०० रुपये)
• मिस्त्रीची मजुरी : १५ टक्के (३,७५० रुपये)
• राखीव : १५ टक्के (३,७५० रुपये)

शेवटचा वाटा सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच सगळ्यात आधी मोडला जातो. जुने इंजिन उघडल्यावर काहीतरी न धरलेले निघतेच. कुठे गिअरचा दात तुटलेला, कुठे क्लचची बास्केट खाचलेली, कुठे केसचा आटा गेलेला. राखीव रक्कम नसली की मग "हे जुनंच बसवा, पुढच्या वेळी बघू" हे वाक्य येते. कमजोर दुवा इंजिनात राहतो तो याच वाक्यामुळे.

ब्रेकचा वाटा पाहून कोणी हसेल. पण या गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे ड्रम ब्रेक आहेत. पळायची ताकद परत आणायची आणि थांबायची तशीच झिजलेली ठेवायची, हा कुठला हिशेब?

एक नियम दुकानात जाण्याआधी लिहून ठेवावा. बेअरिंग, सील, रॉड किट आणि पिस्टन यांत काटकसर नको. क्रोम, स्टिकर, नवा पेंट, झाकणे यांत हवी तेवढी करावी. बेअरिंग घेताना जुन्यावरचा पूर्ण क्रमांक, मागची अक्षरे धरून, उतरवून न्यावा. ती अक्षरे आतली मोकळीक सांगतात. "आकार तोच आहे" म्हणून दिलेले बेअरिंग आकाराने बसते, पण गरम झाल्यावर आवळते.

तळ : दिसत नाही, पण सगळे त्याच्यावरच

आरएक्सचा क्रँक हा दोन चाकांमध्ये पिन दाबून बसवलेला, जोडाचा क्रँक आहे. रॉड बदलायचा तर प्रेसवर क्रँक फोडावा लागतो, नवी पिन-बेअरिंग घालून परत दाबावा लागतो आणि मग दोन टोकांवर फिरवून डायल गेजने सरळ करावा लागतो. डोलणे साधारण ०.०३ मिलिमीटरच्या आत हवे. डोळ्यांनी हे दिसणे शक्य नाही. हातोडीने ठोकून "झालं सरळ" म्हणणाऱ्याकडून क्रँक उचलून आणावा. बेळगावच्या उद्यमबागेत आणि कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात प्रेस आणि डायल गेज असलेले कारागीर मिळणे अवघड नाही. तिथपर्यंतची एक फेरी नव्या रॉड किटपेक्षा स्वस्तच पडते.

क्रँक सरळ का हवा, याचा हिशेब सोपा आहे. ७,५०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १२५ फेरे, आणि टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. तिथे केसाएवढे डोलणेही बेअरिंगला भारी पडते.

बेअरिंग बसवताना केस गरम करावी, बेअरिंग ठोकू नये. सील प्रत्येक वेळी नवेच घालावेत. केस जोडून ब्लॉक-हेड बसले की शेवटची परीक्षा घ्यावी. कार्बोरेटर आणि सायलेन्सर यांची तोंडे रबर लावून बंद करायची, आत साधारण ६ पीएसआय हवा भरायची आणि गेज बघत बसायचे. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतार पडला तर कुठेतरी गळती आहे. साबणाचे पाणी लावले की बुडबुडा जागा दाखवतो. या परीक्षेला खर्च जवळजवळ नाही, पण ती केल्याशिवाय इंजिन चौकटीत चढवू नये.

ब्लॉक-पिस्टन : चारच जन्म

आरएक्सचा बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५० मिलिमीटर. त्यातून ९८ सीसी होतात. पिस्टनचे ओव्हरसाईझ पाव-पाव मिलिमीटरने वाढतात. दुकानात ते २५, ५०, ७५ आणि १०० नंबर म्हणून मागतात. म्हणजे एका ब्लॉकला स्टँडर्डनंतर चार जन्म. चारही संपवून ५१ मिलिमीटरवर गेले तरी सीसी होतात फक्त १०२. त्यामुळे "एकदम शंभर नंबर टाकूया, ताकद वाढेल" हा सल्ला म्हणजे चार सीसीसाठी तीन जन्म फुकट घालवणे. ब्लॉकला जेवढी गरज, तेवढाच पुढचा नंबर घ्यावा.

गरज किती, हे बोअर गेज सांगतो. वर, मध्ये आणि खाली अशा तीन जागी, आणि प्रत्येक जागी दोन दिशांनी माप घ्यावे. वरच्या-खालच्या मापात साधारण ०.०५ मिलिमीटरहून जास्त फरक असेल किंवा भिंतीवरच्या रेघेत नख अडकत असेल तर बोअर करावाच लागतो.

त्यानंतरचा क्रम चुकवू नये. पिस्टन आधी विकत घ्यावा आणि ब्लॉकबरोबर तोच पिस्टन मशिनवाल्याच्या हातात द्यावा. दोन कंपन्यांचे एकाच नंबरचे पिस्टनही मापाला किंचित वेगळे निघतात. पिस्टन आणि ब्लॉक यांमधली मोकळीक किटवर किंवा पिस्टनवर लिहिलेली असते, तीच अंतिम. या आकाराच्या ओतीव पिस्टनसाठी ती साधारण ०.०४ ते ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते. कमी ठेवली तर गरम झाल्यावर पकडते, जास्त ठेवली तर पिस्टन वाजतो.

बोअर झाल्यावर बऱ्याच ठिकाणी एक काम राहून जाते. पोर्टच्या खिडक्यांच्या कडा बोअरनंतर सुरीसारख्या धारदार होतात. त्या हाताने किंचित गोल करून घ्याव्या लागतात, नाहीतर रिंग तिथे अडकून तुटते. ब्लॉक घरी आणल्यावर साबण आणि गरम पाण्याने घासून, पांढरे फडके काळे होईनासे होईपर्यंत पुसावा आणि लगेच ऑईलचा हात फिरवावा. होनिंगची बारीक पूड आत राहिली तर नवी रिंग पहिल्याच दिवशी खाते.

बसवताना पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे. रिंगची तोंडे खाचेतल्या बारीक खिळ्यावर. रिंगचे तोंड ब्लॉकमध्ये घालून फीलर गेजने मोजावे, साधारण ०.१५ ते ०.३५ मिलिमीटर चालते. पिस्टन पिनचे लॉक नवेच. दहा-वीस रुपयांचे जुने लॉक सुटले तर ब्लॉकवर नांगर फिरवते.

चारही जन्म संपलेल्या ब्लॉकला नवा लाइनर घालता येतो. पण लाइनरच्या खिडक्या मूळ पोर्टशी तंतोतंत जुळाव्या लागतात आणि ते कसबी माणसाचेच काम आहे.

पोर्ट कापायचे का?

पहिल्या खेपेला नाही. कारण तीन.

पहिले, सायलेन्सरकडचा पोर्ट वर उचलला की ताकद वरच्या फेऱ्यांत सरकते आणि खालची ओढ मरते. शहरात आणि घाटात ही गाडी आधीपेक्षा मरगळलेली वाटते.

दुसरे, ताण. इंजिन ७,५०० ऐवजी ९,००० फेऱ्यांवर न्यायचे म्हटले तर पिस्टनच्या ये-जा करण्याचा रॉडवरचा ताण फेऱ्यांच्या वर्गाने, म्हणजे सुमारे ४४ टक्क्यांनी वाढतो. ज्या तळावर आधीच काटकसर केली आहे, त्याच्यावर हा बोजा टाकायचा का?

तिसरे आणि सगळ्यात मोठे. कापलेले परत भरत नाही. गाडी १९९६ पासून बनत नाही. मूळ ब्लॉक दरवर्षी कमीच होणार आहेत. एका चुकीच्या हाताने अर्धा मिलिमीटर जास्त घासले की चार जन्मांचा ब्लॉक भंगाराच्या भावात जातो.

ताकद हवी असेल तर न कापता मिळणारी बरीच आहे. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर आतून कार्बनने बुजतो. बॅफल बाहेर काढून साफ केले की गाडीचा श्वास मोकळा होतो. बॅफल काढून फेकून दिले तर फक्त आवाज वाढतो. रीड व्हॉल्व्हच्या पात्यांना चीर गेली असेल किंवा त्या नीट टेकत नसतील तर बदलाव्यात. ब्लॉक आणि केस यांचे पोर्ट जिथे जुळतात तिथे पॅकिंग आत डोकावत असेल तर ते कापून जुळवावे. एवढ्यावरच बऱ्याच गाड्या 'नव्यासारख्या' ओढतात.

जेट, इथेनॉल आणि घाट

इंजिन नवे झाले, फिल्टर साफ झाला, सायलेन्सर मोकळा झाला की हवा जास्त येते. पेट्रोल तेवढेच राहिले तर मिश्रण पातळ होते आणि पातळ मिश्रण गरम जळते. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून त्याच जेटवर मिश्रण आणखी पातळ पडते. ही गाडी त्या पेट्रोलसाठी बनलेलीच नाही. त्यामुळे जुने जेट तसेच ठेवणे धोक्याचे. सुरुवात मूळ मापापेक्षा एक-दोन पायऱ्या मोठ्या मेन जेटने करावी, प्लगचा रंग पाहावा आणि मग एकेक पायरी खाली यावे. प्लग बदामी-तपकिरी असेल तर ठीक, पांढरट असेल तर लगेच थांबावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलले ते वहीत लिहावे.

या भागासाठी आणखी एक सूचना. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. इथे हवा विरळ असते. इथे अगदी काठावर बसवलेले जेट चोर्ला घाट उतरून पणजीत गेले की तिथल्या दाट हवेत पातळ पडते. गोव्याला जाणाऱ्याने जेट किंचित भरल्या हाताचेच ठेवावे. आणि घाट उतरताना एक सवय लावून घ्यावी. टाकीत ऑईल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोकमध्ये रेस पूर्ण बंद करून इंजिनावर गाडी रोखून धरली तर पेट्रोलबरोबर येणारे ऑईलही बंद होते, फेऱ्या मात्र चालू राहतात. उतारावर अधूनमधून हलकी रेस द्यावी.

ऑईल किती?

लिटरला २० मिलिलिटर म्हणजे १:५०, २५ मिलिलिटर म्हणजे १:४०, आणि ३३ मिलिलिटर म्हणजे साधारण १:३०. नव्या इंजिनाला सुरुवातीला १:३० च्या आसपास ठेवून पुढे १:४० वर येता येते. डब्यावर जासो एफसी किंवा एफडी दर्जा लिहिलेला पाहूनच टू-टी ऑईल घ्यावे.

"जास्त ऑईल टाकलं की सेफ" हा समज मात्र अर्धाच खरा. ऑईल वाढले की तेवढ्या मिश्रणात पेट्रोल कमी होते आणि जेटच्या हिशेबाने मिश्रण पातळ पडते. ऑईलचे प्रमाण बदलले की प्लगचा रंग पुन्हा बघावा. ऑईल पंपावर चालणाऱ्या गाडीत पंप आणि नळी तपासून होईपर्यंत टाकीतही थोडे ऑईल मिसळून ठेवणे शहाणपणाचे.

रनिंग : शेवटचे हजार किलोमीटर

इंजिन चालू झाले म्हणजे काम संपले नाही. पहिल्या दिवशी दोन-तीनदा चालू करून, गरम होऊ देऊन, पूर्ण थंड होऊ द्यावे. थंड झाल्यावर हेडचे नट ठरल्या ताकदीने पुन्हा आवळावेत. पहिले ५०० किलोमीटर अर्ध्या रेसच्या वर जाऊ नये, पुढचे ५०० पाऊण रेसपर्यंत. एकाच वेगात लांब चालवू नये, वेग कमी-जास्त करत राहावे. दोघे बसून घाट, हायवेवर शर्यत, "टॉप किती जातो बघू" हे सगळे हजारानंतर.

नव्या इंजिनावर चालवताना दोन बोटे क्लचच्या दांड्यावर असावीत. आवाज अचानक बदलला, ओढ तुटल्यासारखी वाटली की क्षणात क्लच दाबायचा आणि रेस सोडायची. निपाणी-संकेश्वरच्या हायवेवर मागून ट्रक येत असताना ही सवय जीव वाचवते.

कायदा काय म्हणतो

मूळ मापात किंवा कंपनीच्या ओव्हरसाईझ पिस्टनवर इंजिन बांधणे ही दुरुस्ती आहे. पण गाडीची मूळ वैशिष्ट्ये बदलणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. आवाजाचा सायलेन्सर लावून निपाणीहून कागलला जाताना नाक्याच्या अलीकडचा पोलीस कन्नडमध्ये विचारील, पलीकडचा मराठीत. कायदा दोन्हीकडे एकच आहे.

कामाचा क्रम, थोडक्यात

कागद तपासा. उपयोग ठरवा. कॉम्प्रेशन मोजून वहीत लिहा, म्हणजे काम झाल्यावर त्याच गेजने तुलना करता येईल. इंजिन उघडा, मोजा, मगच यादी करा. यादी झाल्यावर एका फेरीत सामान आणा आणि जुने भाग परत मागून घ्या. तळ आधी, ब्लॉक नंतर, हवा भरून परीक्षा, मग जेट, मग रनिंग. यातली कुठलीही पायरी पैशाअभावी अडली तर तिथेच थांबावे. सुटे भाग ऑईल लावून, चिठ्ठ्या बांधून डब्यात ठेवले तर दोन पगार वाट बघू शकतात.

एवढे करून ११ हॉर्सपॉवर परत आली, गाडी एक पावसाळा आणि एक उन्हाळा न कुरकुरता चालली, की मग पोर्ट, चेंबर, मोठा कार्बोरेटर यांचा विषय काढायला हरकत नाही. तो प्रयोगही घरच्या ब्लॉकवर न करता दुसरा जुना ब्लॉक मिळवून त्याच्यावर करावा, आणि कापलेल्या ब्लॉकची गाडी रस्त्यावर नको, बंद ट्रॅकवरच चालवावी. मूळ ब्लॉक कपाटात राहू द्यावा. उद्या दोन लाख टाकले तरी तो कारखान्यातून नवा येणार नाही.